आमची वाटचाल : लूमच्या शाफ्टपासून क्रॉलरच्या ॲक्सलपर्यंत

आमचं वर्कशॉप सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी चालू केलं आणि कितीतरी वर्षं आमच्याकडं एकच काम होतं, पॉवरलूमचे पार्ट. क्रँक शाफ्ट, बॉटम शाफ्ट, टॅपेट, बुश. सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल, लूम चालू तर आमचा लेथ चालू, साधा हिशोब. पुढं जुने शटल लूम कमी व्हायला लागले, शटलशिवाय चालणारे रॅपिअर लूम आले, आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपला काम तुटक तुटक यायला लागलं. त्या काळाबद्दल फार लिहित नाही, या भागातल्या सगळ्यांचीच तीच गोष्ट आहे.

मग पुण्याहून ओळखीतला एक हौशी मुलगा आला, पिशवीत तुटलेला शाफ्ट घेऊन. त्याची रिमोटवरची गाडी होती, पण रेसची नाही, रॉक क्रॉलर. म्हणजे मोठमोठ्या दगडांवरून एकदम सावकाश, एकेक चाक टेकवत चढणारी. दुकानात मिळतात त्या बहुतेक १/१० स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या, ह्यानं स्वतः बांधलेली १/५ ची, उचलायला दोन माणसं लागतील अशी. आप्पांनी आधी विचारलं, "खेळण्याला एवढं लोखंड कशाला रे बाळा?" आणि मग चष्मा लावून तुटलेलं तोंड बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तर पिकिंग शाफ्टवानी तुटलंय, ह्या कोपऱ्यातनं." शटल लूममध्ये प्रत्येक पिकला, म्हणजे आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला, शटल फेकायला पिकिंग शाफ्टला झटका बसतो, मिनिटाला शंभराच्या वर झटके, आणि जिथं चावीच्या खाचेचा कोपरा चौकोनी धारदार सोडलाय तिथनंच तो जातो. त्या मुलाच्या शाफ्टलाही पिनच्या जागी असाच धारदार स्टेप, म्हणजे जाडी एकदम बदलणारी पायरी, होता. तिथं रेडियस देऊन, म्हणजे कोपरा गोल करून, नवा शाफ्ट करून दिला आणि तो टिकला, म्हणून त्याचे मित्र आले, म्हणून आज आम्ही हे काम करतोय.

आता मुख्य मुद्दा, जो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावा लागतो. लोकांना वाटतं छोट्या गाडीचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला शाफ्ट, गिअर आणि हाऊसिंगचा सेट, दुप्पट मापाचा केला की मोठ्या गाडीचा ॲक्सल झाला. तसं होत नाही. १/१० ची गाडी समजा ३ किलोची आहे, ती सगळीकडून दुप्पट करून १/५ केली की वजन आठपट, २४ किलो. टायरचा रेडियसही दुप्पट, म्हणजे ती गाडी चढवायला चाकाला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो सोळापट. पण शाफ्टचा डाया (व्यास) दुप्पट केला तर त्याची पीळ सोसायची ताकद वाढते आठपटच. म्हणजे दिसायला सगळं प्रमाणात आणि आत प्रत्येक शाफ्टवर दुप्पट ताण. म्हणून मोठ्या स्केलला ॲक्सल नुसता "मोठा" घेऊन चालत नाही, प्रमाणापेक्षा जाड किंवा मटेरियल वरच्या दर्जाचं, शक्यतो दोन्ही.

चांगली गोष्ट अशी की डाया थोडा वाढवला तरी फायदा भरपूर मिळतो. ८ एमएमचा शाफ्ट १० केला की ताकद जवळपास दुप्पट, आणि बेअरिंगचं म्हणाल तर १० च्या बोअरला ६८०० नंबरचं बसतं, बाहेरून १९ एमएम, जाडी ५, हाऊसिंग फार फुगत नाही. जागा असेल तर ६९०० घ्या, २२ बाय ६, खडकावर आपटणाऱ्या गाडीला तेच बरं.

दुसरं, क्रॉलरमध्ये डिफ, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल, लॉक असतो. लॉक म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. मग बरेचजण म्हणतात टॉर्क दोन शाफ्टवर निम्मा निम्मा. अहो, एक चाक हवेत आणि दुसरं दगडाच्या फटीत अडकलंय, तेव्हा निम्मा कुठला? सगळा त्या एका हाफ शाफ्टवर, म्हणजे मधल्या गिअरपासून त्या चाकापर्यंतच्या शाफ्टवर, येतो. त्यात मोटरपासून चाकापर्यंत गिअरचा रेशो ३०-४० च्या पुढं सहज असतो, मोटर फार मोठी नसली तरी शाफ्टपाशी पोचेपर्यंत जोर राक्षसी झालेला असतो. आम्ही प्रत्येक हाफ शाफ्ट पूर्ण टॉर्कचा धरूनच काढतो. पुढच्या ॲक्सलला तर स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना सीव्हीडी जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) तिरका होऊन काम करतो, म्हणून पुढचाच आधी तुटतो, बजेट कमी असेल तर पैसे आधी पुढं घाला.

मटेरियलवर जरा जास्त लिहितो कारण सगळा खेळ इथंच आहे. सुरुवातीला आम्ही ईएन८ मध्ये, म्हणजे मध्यम कार्बनच्या साध्या स्टीलमध्ये, करायचो, लूमच्या कामाला तेच लागायचं, दारात मिळायचं. हलक्या गाडीला ठीक, पण २० किलोच्या वर तो हळूहळू पिळतो. हे बघायचं असेल तर शाफ्टवर मार्करनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारा, गाडी चालवा, काढून बघा. रेघ तिरकी गुंडाळली गेली असेल तर शाफ्ट पिळलाय, तुटायच्या वाटेवर आहे. मग आम्ही ईएन२४ वर गेलो, निकेल क्रोम मॉलिब्डेनमचं स्टील, आतपर्यंत कडक होतं. पहिला लॉट बाहेर हीट ट्रीटमेंटला दिला तो केळ्यासारखा वाकून परत आला, बारीक लांब शाफ्ट तिथं कसे टांगले होते देव जाणे. तेव्हापासून बार ईएन२४टी कंडिशनमध्येच घ्यायचा, म्हणजे आधीच हार्ड-टेम्पर केलेला, आणि कार्बाइड टिपनं तसाच टर्न करायचा. टिपा जास्त जातात पण शाफ्ट सरळ राहतो. बार पुण्याहून भोसरीतनं येतो.

काहीजण सांगतात अजून कडक करा, ५५-६० एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप). शाफ्टला तसं करू नका. कडक शाफ्ट पिळत नाही, झटक्याला एकदम ४५ अंशात तिरका मोडतो. मऊ पण चिवट शाफ्ट आडवा, सपाट तुटतो आणि तुटायच्या आधी पिळून सांगतो तरी. क्राऊन-पिनियनची, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या दातांच्या गिअर जोडीची, गोष्ट वेगळी, तिथं वरचं कातडं कडक आणि आत चिवट लागतं, म्हणून २०एमएनसीआर५ स्टील आणि केस हार्डनिंग.

दातांवरून आठवलं. क्राऊन-पिनियन गेले की लोक दातांना शिव्या घालतात, पण निम्म्या वेळा दोष हाऊसिंगचा असतो. लोड आला की बेव्हल गिअर एकमेकांना बाजूला ढकलतात, हाऊसिंग पातळ असेल तर ते उघडतं, दात टोकाटोकावर लागतात आणि कडकड करून सुटतात. कितीही भारी स्टील घाला. आम्ही हाऊसिंग ६०६१ ॲल्युमिनियमच्या सॉलिड ब्लॉकमधून काढतो, बेअरिंगच्या कॅपला चार बोल्ट, आणि बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१ एमएमच्या शिम (पातळ चकत्या) घालून हातानं सेट करतो. हे काम आप्पा अजूनही दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यात ॲक्सल जड झाला तर क्रॉलरला उलट चांगलंच, वजन जेवढं खाली तेवढी गाडी उलटत नाही.

पोर्टल ॲक्सल हवा का, हे सगळेच विचारतात. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला असतो तसा, चाकापाशी वेगळा गिअरबॉक्स. १/१० मध्ये २०१७ च्या ट्रॅक्सास कंपनीच्या टीआरएक्स-४ गाडीनंतर हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. फायदा दुहेरी, मधलं हाऊसिंग दगडापासून वर उचललं जातं, आणि रिडक्शन, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, शेवटी चाकापाशी असल्यानं हाफ शाफ्ट आणि क्राऊनवरचा टॉर्क तेवढा कमी होतो. तोटा असा की चार कोपऱ्यांत चार गिअरबॉक्स, सील, बेअरिंग, रुंदी, खर्च. माझं मत विचाराल तर १५ किलोच्या आत साधा ॲक्सलच घ्या, त्याच्या वर पोर्टलला पैसे वसूल आहेत.

एक गोष्ट मात्र मुद्दाम कमजोर ठेवतो. प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत येणाऱ्या शाफ्टची, पिन. ती क्राऊन-पिनियनच्या आधी असते, बाहेरून हात पोचतो, ॲलन की नं पाच मिनिटात बदलते. काहीतरी तुटणारच असेल तर ती तुटू दे, हाऊसिंग खोलायची वेळ नको. प्रत्येक ॲक्सलबरोबर दहा पिना फुकट देतो.

टेस्टिंगला शहराबाहेरची बंद पडलेली खडीची खाण आहे. काळा दगड, वर खडीची धूळ, टायर घसरतो आणि मग अचानक पकडतो, शाफ्टला त्याच्याएवढा वाईट झटका कुठं मिळत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरकतो, नंतर दगडाला हात लावता येत नाही आणि मोटर तर चहाच्या पातेल्याएवढी तापते.

सध्या निम्मं काम लूमचं, निम्मं हे. ऑर्डर देताना गाडीचं बॅटरीसकट वजन, टायरचा बाहेरचा डाया, मोटर आणि एकूण रेशो, आणि हब टू हब रुंदी एवढं पाठवा, फोटो असला तर उत्तम. नुसतं "सगळ्यात स्ट्राँग द्या" म्हणून फोन केला तर आप्पाच फोन घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, वजन किती. आत्ता टेबलावर एक १/४ ची ऑर्डर आहे, ४० किलोच्या वरची गाडी, हाफ शाफ्ट १५ एमएमचे धरलेत, ६००२ बेअरिंग, हाऊसिंगचं ड्रॉइंग चालू आहे.