विशेष संदर्भ : वरची खोली

रविवारी सकाळी सातला वरच्या खोलीतला मुलगा खाली आला आणि दारातूनच म्हणाला, "काकू, वाटीभर पीठ मिळेल का?" मला वाटलं, मेसला सुट्टी, बिचारा धिरडी-बिरडी घालणार असेल. मी तेलाचं, तिखटाचंही विचारलं. तर म्हणाला, "नको, कोरडंच पाहिजे. शिलालेखाला लावायचंय."

दगडावरची अक्षरं झिजली की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कोरडं पीठ हलक्या हातानं फिरवलं की ते खाचेत बसतं आणि अक्षरं पांढरी उठतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं काय वाचलं ते विचारायचं राहिलंच, पण उरलेलं पीठ त्यानं पिशवीत तसंच ठेवलं आणि आठवडाभर वरच्या खोलीत मुंग्यांची रांग होती, हे मात्र मी छातीठोक सांगू शकते.

आमचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. विद्यापीठ इथून जवळ, त्यामुळे वरची खोली कधी रिकामी राहत नाही. त्यातही इतिहास, मराठी, समाजशास्त्र असले विषय घेतलेली मुलंच आमच्या वाट्याला जास्त. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळेत रात्र काढावी लागते. यांची प्रयोगशाळा म्हणजे अख्खं गाव, आणि गावात घरमालकीणही आलीच.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे माणूस, ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित करून छापली. त्यामुळे जुन्या कागदांचं वेड या विद्यापीठाला जन्मापासूनचं असावं, असा माझा आपला अंदाज. याला पुरावा काय, असं वरची मुलं लगेच विचारतील.

त्यांच्या प्रबंधाची नावं आमच्या पूर्ण पत्त्यापेक्षा लांब असतात. आधी मोठा विषय, मग कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, मग "एक चिकित्सक अभ्यास", आणि शेवटी "विशेष संदर्भ : करवीर तालुका". हा विशेष संदर्भ मला फार आवडतो. आपलं सगळं आयुष्यच तसं चालतं. भावकीतली भांडणं, विशेष संदर्भ : सामाईक भिंत. आमच्या ह्यांचा स्वभाव, विशेष संदर्भ : सोमवार सकाळ.

एक मुलगी ओव्यांवर काम करायला आली होती. सासूबाईंना शेकड्यानं ओव्या येतात असं मीच तिला फुशारकीनं सांगितलं. ती वही-मोबाईल घेऊन समोर बसली, सासूबाई पदर सारखा करून बसल्या, आणि एकही ओवी येईना. तोंड उघडायचं, मिटायचं. शेवटी म्हणाल्या, "जात्याबिगर कशी येईल गं बाई?" माळ्यावरनं जातं काढलं. खुंटा नवा बसवावा लागला. मूठभर जोंधळे घातले, जातं फिरलं, तसा गळा सुटला. दोन तास. मधे हात थांबला की ओवीपण थांबायची. त्या मुलीनं वहीत काय लिहिलं ते बाजूला ठेवा, मी चोवीस वर्षं त्या बाईची सून आहे आणि त्यातल्या निम्म्या ओव्या मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यात एकदोन सुनेवरच्याही होत्या.

दुसरा एकजण वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीत कोरलेल्या दगडांच्या, मागे होता. सारखा बीडला जायचा. त्याच्या आईचा एकदा मला फोन, "एवढ्या लांब मराठवाड्यात कशाला जातंय हे पोरगं?" तिला सांगितलं, ताई, आमच्या करवीर तालुक्यात एक बीड आहे, एसटीनं जाऊन दुपारी जेवायला परत येतं. मग त्यानं मलाही एकदा नेलं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे त्यानं शिकवलं. खालच्या चौकटीत वीर लढतोय, पडलाय. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. माहेरच्या गावी देवळामागं असाच एक दगड होता, त्यावर बसून आम्ही चिंचा खाल्ल्यात. कुठल्या चौकटीवर बसत होतो कोण जाणे.

आणि टाऊन हॉलच्या म्युझियममधला तो ब्राँझचा पोसायडन! शाळेच्या सहलीत बघितला होता, "कुठलातरी विदेशी देव" म्हणून पुढं सरकलो. तो ग्रीकांचा समुद्रदेव आहे आणि सापडला आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत, हे एका भाडेकरूनं पोहे खाता खाता सांगितलं. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळात इथला व्यापार पार रोमपर्यंत जोडलेला होता. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा देव! मी म्हटलं, दरवर्षी पूर येतो तो उगीच नाही. त्याला ते पटलं नाही.

मूळ सांगायचं होतं ते वेगळंच. आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत एक मोडीतला कागद होता. शाहू महाराजांनी आजेसासऱ्यांच्या वडिलांना दिलेली सनद, असं तीन पिढ्या ऐकत आलो. दसऱ्याला सोनं वाहायचो तिच्यावर. ती कुणाच्या घरी राहावी यावरून भावकीत बोलणंचालणं बंद झालेलं. पीठवाला मुलगा मोडी शिकलेला आहे कळल्यावर सासूबाईंनी पेटी काढली.

त्यानं कागद खिडकीपाशी धरला. मोडीत आधी आडवी रेघ पानभर ओढून घेतात आणि बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं ओवत जातात. शब्द कुठं संपला ते आपलं आपण ओळखायचं. त्याचं बोट सरकत होतं आणि आम्ही सगळे श्वास धरून. आधी साल लागलं. फसली १३१८. फसली म्हणजे महसुलाच्या कागदातलं जुनं साल, त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९०८. "महाराजांच्याच काळातला," तो म्हणाला. सासूबाईंनी हात जोडले. मग तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आजी, ही पावती आहे. कोंडवाड्याची."

आजेसासऱ्यांच्या वडिलांची म्हैस सरकारी कुरणात शिरली होती. दंड भरून सोडवून आणल्याची पावती.

घरात जे काही झालं ते मी लिहीत नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत एवढंच. पण तो पोरगा मात्र खजिना सापडल्यासारखा फिरत होता. "काकू, सनदा लोकांनी जपून ठेवल्या, त्या सापडतात. अशी पावती कोण ठेवतं? यात कुरणाचं नाव आहे, दंडाचा दर आहे, कारकुनाची सही आहे." मी म्हटलं, आम्ही तरी कुठं ठेवली, आम्ही सनदच ठेवली होती. यावर तो हसला आणि हेही डायरीत लिहून घेतलं.

सासूबाई चार दिवसांनी सावरल्या. पाचव्या दिवशी शेजारणीला सांगताना ऐकलं, "म्हैस हुती म्हणून दंड झाला. ज्याच्याकडं म्हैसच न्हाई, त्याला कोण दंड करतंय?" आता पावती पुन्हा पेटीत गेलीय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तिचा फोटो पोराच्या तिसऱ्या प्रकरणात.

बातमी भावकीत पोचायची ती पोचलीच. परवा सात वर्षांनी चुलतदिरांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, पावसापाण्याचं झालं. मग जरा खाकरून म्हणाले, "वहिनी, ती म्हैस खरं तर आमच्या बाजूची होती."

मी विचारलं, "कशावरून?"