आमची वाटचाल: चार बेड आणि एक टेम्पो

सदाशिव पेठेत जिन्याखालच्या खोलीत, आजारी माणसासाठी लागणारं सामान भाड्याने द्यायला सुरुवात केली. चार फाउलर बेड (डोक्याकडून आणि पायाकडून वर करता येणारे), दोन व्हीलचेअर, एक कमोड खुर्ची. भागीदार मेहुणा; टेम्पो त्याचा, पाने-स्क्रूड्रायव्हर माझे. वाड्यांच्या अरुंद लाकडी जिन्यांवरून बेड सुटा करून चढवायची युक्ती त्याचीच. पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. कॉन्सन्ट्रेटरसाठी, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनसाठी, रात्री दोनलाही फोन. होती ती सहा मशीन एका दिवसात गेली. बायकोचे दागिने गहाण टाकून एका व्यापाऱ्याकडून तिप्पट भावाने आणखी अकरा आणली. खोक्यावर 'सात लिटर' छापलेलं, म्हणजे मिनिटाला सात लिटर. ऑक्सिजनची शुद्धता मोजणारा अ‍ॅनालायझर लावला. एक लिटरला ९० टक्के, पाच लिटरवर नेलं तर जेमतेम ४०! चांगलं पाच लिटरचं मशीन पूर्ण प्रवाहालाही ९० च्या आसपास टिकतं. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. मी त्यातलं एकही मशीन भाड्याने दिलं नाही. आमच्याच गल्लीतल्या एकाने तसलीच मशीन दुप्पट भाड्याने दिली, आणि वर 'हे लोक माणूस बघून मशीन देतात' असं आमच्याबद्दल सांगत फिरला. हे मी विसरलेलो नाही. लोक लिटर विचारतात, शुद्धता कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रवाहावर लावून, घरी मोजून दाखवा म्हणावं.

लाट ओसरली, मशीन परत आली, हप्ते मात्र चालूच. मेहुण्याने टेम्पो विकला. दुकानाला कुलूप लावायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेव्हा नारायण पेठेतल्या काकू आल्या. यजमानांना पक्षाघात, आमचा बेड आणि एअर गादी (पंपाने हवा भरणारी, पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून) सहा वर्षं त्यांच्याकडे. "वर्षाचं भाडं आगाऊ देते. उपकार नाही करत, दहा टक्के सूट हवी. आणि पावती." दिली.

गादी मला या काकूंनीच शिकवली. पंप घुरघुरतोय म्हणजे गादी चालू, असं मी समजायचो. काकू यजमानांच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, गादी आणि बेडच्या मधे, तळहात सरकवून बघायच्या. हाड हाताला लागलं की हवा कमी. आता आमच्या दुकानातला प्रत्येक मुलगा गादी बसवून झाली की हात घालून बघतो. वर जाड रजई अंथरू नका. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका, दर दोन तासांनी वळवायचंच. ब्यूरोकडून रुग्णाचं करायला येणाऱ्या मावशींना बोल लावण्याआधी रात्री तीनचा गजर एकदा स्वतः लावून बघा. काकूंची कंबर गेली ती बेड येण्याआधी, यजमानांना जमिनीवरच्या अंथरुणातून उचलताना.

गेल्या वर्षी बेड परत आला. उरलेल्या चार महिन्यांचं भाडं परत द्यायला गेलो, तर सूट वजा केली नाही म्हणून काकूंनी हिशेब पुन्हा करायला लावला.

ती अकरा मशीन अजून माळ्यावर आहेत. गल्लीतल्या त्या गृहस्थांनी दिव्यांचा बोर्ड लावलाय.