पक्षांतर केलेल्यांना किती गुण द्यायचे?

परळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. यंदा प्रकल्पाच्या 20 गुणांसाठी वर्गातच निवडणूक घेतली. मुलं 60, प्रत्येकी 12 जणांचे 5 पक्ष. चिन्हांवरून पहिल्याच दिवशी जुंपली. लोकलचा डबा तिघांना हवा होता, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

गुणांचा तक्ता आधीच फळ्यावर लिहिला होता: जाहीरनामा 6, प्रचार 4, हिशेब 4, तोंडी 4, विजयी पक्षाला 2. त्या शेवटच्या दोन गुणांनीच घोळ घातला. मतदानाच्या दोन दिवस आधी छत्रीवाल्या पक्षातली चार मुलं उठून लोकलच्या डब्यात बसली. वारं तिकडचं होतं ना!

छत्रीवाली नेता तणतणत आली, "मॅडम, यांना शून्य द्या." मला तर पक्षांतरबंदी कायद्याचा आयता धडाच मिळाला. 1985ची 52वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट, 2003 साली एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर पद वाचायची ती सवलत गेली, आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला दोन तृतीयांश लागतात. बाराचे दोन तृतीयांश आठ, हे तर चौघेच. अपात्र! स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्या चौघांतला एक उभा राहिला. "मॅडम, तो कायदा आमदार-खासदारांना आहे. आम्ही अजून निवडून कुठे आलोय? आम्ही नुसते कार्यकर्ते." वर्ग हसला. पोरगं बरोबर होतं.

मग मतमोजणीच्या आधीच विजयाचे 2 गुण काढून तोंडीत घातले. मोजणीनंतर बदलले असते तर लोकलवाल्यांनी मला सोडलं नसतं. तोंडीला सगळ्यांना एकच प्रश्न: तुमच्या पक्षाचं काय चुकलं? बहुतेकांनी दुसऱ्या पक्षाच्या चुका सांगितल्या. छत्रीवाली म्हणाली, "बैठकीत मी कुणाला बोलूच दिलं नाही." सहापैकी सहा. कायदा सांगणाऱ्याला पाच. चूक विचारली तर तो पुन्हा कायद्यावरच घसरला.

सर्वांत जास्त, 18 गुण मात्र लोकलच्या खजिनदाराला. सबंध प्रचारात त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. खऱ्या उमेदवाराला निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो; याने दुसऱ्याच दिवशी वही आणून दिली. वडापाव, स्केचपेन, झेरॉक्स, सगळं तारखेनिशी. एका ओळीत लिहिलं होतं: नवीन आलेल्या चौघांना चहा, 40 रुपये.