जेमतेम साडेपाच फुटांचा गडी

आज परभणीत भाच्याच्या हँडबॉलच्या सरावाला गेलो होतो. चार वाजताचं ऊन, गोलसमोरची, सहा मीटरवरची फक्कीची रेघ पायांनी पुसत आलेली. पोरगं कडेला फुगून बसलेलं. "मामा, माझी उंचीच नाही."

मग त्याला ल्युबोमिर व्रानयेसबद्दल सांगितलं. स्वीडनचा हा गडी 166 सेंटिमीटरचा, तरी 1999 च्या विश्वविजेत्या संघात! ताडमाड बचावपटूंच्या मधून घुसायचा. पुढं प्रशिक्षक झाला आणि 2014 मध्ये जर्मनीच्या फ्लेन्सबुर्ग क्लबला हँडबॉलची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, जिंकून दिली. (आपल्याकडं खेळ सुटला की थेट पोलीस भरती, प्रशिक्षक व्हायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.)

"त्याला पण चेंडू हातात धरून तीनच पावलं टाकता यायची का?"

"तीनच."

"मग बघतो," म्हणत पळालं.