‘दोन्हीपैकी एकच लिहून आणा’ : लेकीच्या प्रमाणपत्राचा माझा अनुभव

ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) एकाच मुलात असू शकतात, ही गोष्ट ज्या टेबलावर सगळ्यात आधी माहीत असायला हवी, त्याच टेबलावर मला ती पटवून द्यावी लागली. लेकीचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र हातात येऊन आता बराच काळ झाला, तरी तो राग अजून पुरता गेलेला नाही. याच वाटेने जाणाऱ्या आईबापांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. जिल्ह्याचं आणि रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही.

लेक आठवीत आहे. एसटीचं तिला वेड. आमच्या स्थानकात कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते, कुठला थांबा आधी, कुठला नंतर, सगळं न अडखळता सांगते. स्वतःची कंपासपेटी मात्र सारखी हरवते. डब्यात पोळीची घडी चौपदरीच लागते, भाजीचा रस पोळीला लागलेला चालत नाही, आणि एवढं जपून भरून घेतलेला डबा ती रिक्षात विसरून येते.

रविवारी बसून स्वतःचं वेळापत्रक करते. पट्टीने रेघा, प्रत्येक विषयाला वेगळा स्केचपेन, मग ते कपाटाच्या दाराला चिकटवायचं. त्यात आम्ही काही बदललं, पाहुणे आले, क्लासच्या बाईंनी तास अर्धा तास आधी घेतला, की हिचा श्वास वरखाली होतो आणि कान झाकून ती पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत जाऊन बसते. आणि कुणी काहीच बदललं नाही तरी बुधवारपर्यंत तिचं तिलाच ते नकोसं होतं. मग आपणच मोडलं म्हणून आपणच रडते. सगळं ठरल्याप्रमाणे व्हायला हवं हा हट्ट ऑटिझमचा, आणि ठरलेल्या गोष्टीला चार दिवसांत विटणं हे एडीएचडीचं. दोन्ही एकाच पोरीत, एकाच कपाटासमोर. ज्याने हे घरात पाहिलंय त्याला ‘दोन्हीपैकी नक्की कोणतं?’ असा प्रश्न पडत नाही.

शाळेतून वर्षानुवर्षं एकच तक्रार होती, ‘लक्ष नाही’. आत काय चाललंय ते शोधायला आम्हाला वेळ लागला. वर्गातला तिच्या डोक्यावरचा पंखा खटखट करायचा. तो आवाज तिला इतका टोचायचा की फळ्यावरचं काही दिसायचंच नाही. बाईंना सांगून जागा बदलली, तशी गणितं वहीत उतरायला लागली. पण घरी, दार लावून, पूर्ण शांततेतही इतिहासाचं पान अर्ध्यावर टाकून ती उठतेच. बाहेरून दोन्ही वेळा दिसतं ते एकच, लक्ष नाही. पहिल्या वेळी पंखा दुरुस्त करावा लागतो, दुसऱ्या वेळी अभ्यासाचे छोटे तुकडे करून मधे उठू द्यावं लागतं. उपाय वेगळे आहेत म्हणून दोन्ही नावं लागतात. मला नावांची हौस नाही.

निदान त्या मानाने सुरळीत झालं. बालमानसोपचारतज्ज्ञ आणि आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोघींनीही वेळ दिला, जुन्या वह्या पाहिल्या, बालवाडीतलं विचारलं. अहवालात स्वच्छ लिहिलं होतं : ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर आणि एडीएचडी. (नोंदणी क्रमांक अहवालावर आहे ना, ते तिथेच पाहून घ्या. नंतर प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.) एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की चंचलपणा उतरला की खालचा ऑटिझम जास्त दिसू लागेल, घाबरू नका. तसंच झालं. मधे बोलणं, उठून पळणं कमी झालं आणि घडी, रांग, क्रम यांचा आग्रह ठळक झाला. हिला, म्हणजे बायकोला, वाटलं, गोळीनेच बिघडलं. बिघडलं नव्हतं, आधी ते धावपळीत झाकलेलं होतं.

प्रमाणपत्र हवं होतं दहावीसाठी. पेपरला ताशी वीस मिनिटं जास्तीचा वेळ, गरज पडली तर लेखनिक, अशा सवलतींसाठी ते लागतं, आणि ते आधीपासून हाताशी असलेलं बरं. माझी आई म्हणाली, ‘पोरीच्या जातीला असला शिक्का कशाला लावून घेतोस?’ मी तिला म्हटलं, शिक्का तर शाळेने कधीच मारलाय, आळशी आणि हट्टी म्हणून. निदान खरा तरी असू दे.

आता कायदा थोडक्यात, कारण सगळं घोडं इथेच अडलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. म्हणजे नुसत्या एडीएचडीवर प्रमाणपत्र मिळत नाही, मूल कितीही अडत असलं तरी. हे मला अन्यायाचं वाटतं आणि बदलायला हवं. पण आमच्या बाबतीत ऑटिझमचं निदान होतं, त्यामुळे मला काळजी नव्हती. सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरला, आधार, फोटो, अहवाल जोडला, आणि रुग्णालयात तपासणीचं वैद्यकीय बोर्ड बसतं त्या वारी लेकीला घेऊन गेलो.

केसपेपरची खिडकी, मग दुसऱ्या मजल्यावरची रांग. व्हरांड्यातली ट्यूब फडफडत होती, शिपाई नावं ओरडून पुकारत होता. लेक कानावर हात ठेवून बाकाच्या टोकाला बसली आणि मांडीवर एसटीचं वेळापत्रक घेऊन त्यावर बोट फिरवत राहिली. आत गेल्यावर टेबलापलीकडच्या व्यक्तीने तिला नाव, शाळा, इयत्ता विचारली. तिने उत्तरं दिली. सकाळची गोळी घेतलेली होती, खुर्चीत बसून राहिली. तेवढ्यावर मला ऐकवलं गेलं, ‘नजरेला नजर देते की. बोलतेही छान. ही ऑटिझमची मुलगी वाटत नाही.’ नजर देणं तिने कसं शिकलंय ते मला माहीत आहे. ती समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघते. आत्याने तिला ते पाहुण्यांसाठी शिकवलं होतं. ते कुणी विचारलं नाही.

मग आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी भरायला घेतली. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी : चाळीस प्रश्न, सहा भाग. प्रत्येकाला एक ते पाच गुण. क्वचित दिसतं तर एक, जवळजवळ नेहमी दिसतं तर पाच. बेरीज ४० ते २०० च्या मधे येते. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. आणि हे नीट लक्षात ठेवा, या चाळीस प्रश्नांतच एक प्रश्न अतिचंचलपणा आणि अस्वस्थतेचा आहे, एक लक्ष कधी टिकतं आणि कधी टिकत नाही याचा आहे, एक उत्तराला वेळ लागण्याचा आहे आणि एक आकांडतांडवाचा आहे.

त्या प्रश्नांवर काय झालं ते मी जवळून पाहिलं, कारण कागद माझ्या बाजूला कललेला होता.

‘एका जागी बसते का?’
‘नाही, घरी सतत फिरते. जेवतानासुद्धा.’
‘ते एडीएचडीमुळे. ते यात नाही धरायचं.’ आणि एकवर गोल.
‘लक्ष?’
‘एसटीचं काही असलं तर दोन तास मान वर करत नाही, नाहीतर दोन मिनिटंही नाही.’
‘तेही त्यातलंच.’ पुन्हा एक.

उत्तराला वेळ लावते, तर लक्ष नसतं म्हणून. चिडते, तर आवेग आवरत नाही म्हणून. चारही ठिकाणी एक. या चार जागी चार-चार गुण पडले असते तर बेरजेत बाराची भर पडली असती. बेरीज सत्तरच्या आत थांबली. वर मला सांगण्यात आलं की अहवालात दोन निदानं आहेत, त्यामुळे घोळ होतो, बाहेरच्या डॉक्टरांकडून दोन्हीपैकी एकच लिहून आणा, मग बघू.

एक निदान खोडून आणा, म्हणजे माझ्या पोरीचा निम्मा भाग खोडून आणा. बाहेर बाकावर लेकीने विचारलं, ‘बाबा, मी पास का?’ मी काही बोललो नाही. तिला घेऊन सरळ स्थानकावर गेलो आणि तिच्या आवडीच्या गाडीने घरी आलो.

असं का घडतं ते आमच्या सायकॉलॉजिस्टनी समजावलं. १९९४ च्या डीएसएम-चार या निदानग्रंथात ऑटिझमच्या गटातलं निदान असेल तर एडीएचडीचं निदान सोबत द्यायचं नाही, असा नियम होता. २०१३ मध्ये डीएसएम-पाच आलं आणि तो काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ २०२२ पासून लागू झाली, तीही दोन्ही निदानं एकत्र करू देते. ज्यांचं शिक्षण जुन्या नियमावर झालंय त्यांच्या डोक्यात ‘हे किंवा ते’ पक्कं बसलेलं असतं. कारण समजलं, पण भोगावं आमच्या मुलांनी का?

सायकॉलॉजिस्टनी निदान खोडायला साफ नकार दिला, आणि त्या नकाराबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्याऐवजी त्यांनी पुरवणी पत्र दिलं. मोजपट्टी वागणं किती वेळा दिसतं हे विचारते, ते कशामुळे होतं हे विचारत नाही, आणि एडीएचडी आहे म्हणून त्या प्रश्नांचे गुण वजा करायला कुठेही सांगितलेलं नाही, हे त्यात मुद्द्याने लिहिलं. तपासणीच्या वेळी मुलगी औषधावर होती, त्यामुळे ती शांत दिसली, हेही लिहिलं. काही पालक त्या दिवशी गोळी देत नाहीत असं ऐकलंय. आम्ही तसं केलं नाही. परक्या गोंगाटाच्या जागी पोरीला मुद्दाम त्रासात ढकलायचं कशाला? असं काही मनात असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

हे पत्र जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे फेरतपासणीचा अर्ज केला. आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतला. शिक्क्यावाचून जागचं हलू नका. कारण नंतर ‘असा अर्ज आलाच नाही’, ‘फाइल वर आहे’, ‘वर विचारा’, ‘खाली विचारा’ हे सगळं ऐकून झालं, आणि प्रत्येक वेळी तो शिक्काच कामी आला. शेवटी मी लेखी विचारलं की नकाराची कारणं लेखी द्या, म्हणजे मला कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येईल. त्या एका वाक्यानंतर फाइल सापडली. आधीच का नाही लिहून दिलं, असं हिने विचारलं. तोवर ते कलम मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

दुसऱ्या वेळी समोर वेगळ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या. आम्ही घरून दोन पानं लिहून नेली होती. प्रत्येक सवयीपुढे उदाहरण, केव्हापासून, किती वेळा. ‘हट्टी आहे’ असं लिहू नका. ‘पोळीची घडी तीनपदरी झाली म्हणून संध्याकाळपर्यंत जेवली नाही, आठवड्यात असं दोनतीनदा होतं’ असं लिहा. मोबाइलवर काही व्हिडिओही होते. त्यांनी सगळं वाचलं, लेकीला एसटीबद्दल विचारलं, ती बोलत सुटली आणि त्यांनी तिला मधे तोडलं नाही. मग अचानक विषय बदलून मैत्रिणींबद्दल विचारलं. लेक थांबली, हात झटकायला लागली आणि पुन्हा त्याच मार्गाच्या पहिल्या थांब्यापासून सांगायला लागली. त्यांनी ते टिपून घेतलं. या खेपेला एकही गुण ‘त्या दुसऱ्याचा’ म्हणून वजा झाला नाही. दिव्यांगत्वाची टक्केवारी चाळीसच्या वर आली, म्हणजे हवी तेवढी. जिन्यात मी हिला फोन केला तेव्हा माझ्याच्याने नीट बोलवेना.

प्रमाणपत्रावर ऑटिझम आहे. एडीएचडीचा उल्लेख नाही, कारण तो रकानाच नाही. म्हणून शाळेला देताना आम्ही प्रमाणपत्रासोबत मूळ अहवालही देतो आणि वर्गशिक्षिकांना दोन्हीबद्दल सांगतो. नाहीतर ऑटिझम म्हणून शांत कोपऱ्यात बसवतात आणि दर वीस मिनिटांनी उठू द्यायला विसरतात.

काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. रांगेसाठी मुलाच्या कानांना हेडफोन आणि घरचा डबा न्या, उपाहारगृहातलं आमच्यासारख्या मुलांना चालत नाही. आमच्या प्रमाणपत्राला मुदत आहे. तुमच्याही असेल तर ती तारीख पाहून ठेवा आणि संपायच्या कितीतरी आधी नूतनीकरणाला लागा. ऑटिझमचं प्रमाणपत्र मिळालं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याला अर्ज करता येतो. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, त्यामुळे डॉक्टरांकडून चिठ्ठी दोन प्रतींत घ्या, एक दुकानदार ठेवून घेतो. सगळी दुकानं ते ठेवत नाहीत. कोण ठेवतं ते आधीच विचारून घ्या आणि दिवाळीच्या आठवड्यावर विसंबू नका.