हात लावायच्या आधी नुसतं बघायचं असतं

लहान मुलांची फिजिओथेरपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र, पोराला टेबलावर निजवायचं, पाय ओढायचे, ते बोंबलणार आणि आई पदर तोंडाला लावून बाहेर उभी. बेळगावातले काय नि खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणारे काय, सगळ्यांची अपेक्षा हीच असते. आणि मी पहिल्या दिवशी बराच वेळ पोराला हातच लावत नाही म्हटल्यावर सोबत आलेल्या आज्जींचा चेहरा बघण्यासारखा होतो. "मॅडम, सुरू कधी करणार?" अहो सुरूच आहे की!

बघणं हेच अर्धं काम. आईच्या कडेवर कसं बसलंय, पाय मोकळे पडलेत की कात्रीसारखे एकावर एक चढलेत, मूठ उघडते का, अंगठा आत दाबून धरलाय का. मग खाली चटईवर सोडायचं, समोर स्टीलच्या वाट्या, बांगड्या आणि आईचा मोबाईल (हा सगळ्यात जालीम). घ्यायला कुठला हात पुढे येतो ते बघायचं. वर्षाच्या आतलं मूल कायम एकच हात वापरत असेल तर घरचे कौतुकानं सांगतात, "आजोबांवर गेलाय, डावरा आहे". खरं एवढ्या लहान वयात डावा-उजवा ठरत नसतो, दुसरी बाजू मागे पडलीय का हे तपासायला लागतं. मी "ये" म्हणते, नाही आलं तर "बा" म्हणते, शेजारपाजार कन्नड असला की पोरांना दोन्ही कळतं.

मधेमधे प्रश्न चालू असतात. दिवस भरले होते का, जन्मल्या जन्मल्या रडलं का, वजन किती होतं, पेटीत किती दिवस ठेवलेलं, कावीळ फार वाढलेली का, फिट आलेली का. आणि लग्न नात्यातलं आहे का. हे विचारलं की लोक बावरतात, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात. दोष द्यायला नाही विचारत हो, काही आजार आई आणि बाप दोघांकडून एकच बिघडलेलं जनुक आलं तरच दिसतात आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते, म्हणून विचारायचं.

"मामा पण उशिराच चालला होता" हे वाक्य तर मला पाठ झालंय. थोडं मागंपुढं होतंच, ते खोटं नाही. डब्ल्यूएचओनं २००६ ला भारतासकट काही देशांतल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात धडधाकट मुलं आधाराशिवाय चालायला लागली ती साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे शेजारचं दहाव्या महिन्यात चाललं म्हणून बारा महिन्यांच्या पोरासाठी नवस बोलायची गरज नाही. खरं अठरा महिने उलटून गेले, किंवा नऊ महिने झाले तरी बसत नाही, तर मामाचं उदाहरण बास झालं, दाखवून आणा. आणि सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना दोन वर्षांपर्यंत तेवढे दिवस वजा करायचे असतात, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

बघण्यावरून एक पोरगं आठवलं. ऊसपट्ट्यातलं गाव, पाचेक वर्षाचा मुलगा, सारखा पडतो म्हणून आणलेला. वडील खूश, "पोटऱ्या बघा की मॅडम, पैलवानच होणार!" पोटऱ्या खरंच टणटणीत भरलेल्या. मी त्याला खाली बसवलं नि म्हटलं, ऊठ बघू. तो आधी पालथा झाला, दोन्ही हात जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर हात चढवत चढवत उभा राहिला. विल्यम गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये ह्या उठण्याचं वर्णन लिहून ठेवलंय, आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू कमजोर असल्याची ती खूण, आणि वर पोटऱ्या अशा फुगलेल्या असल्या तर डोक्यात पहिलं नाव येतं ते डुशेनचं, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याच्या आजाराचं. मी ताबडतोब सीपीके ही रक्ताची टेस्ट करून मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पुढे जनुकांची तपासणीही झाली. ह्या पोराला कुणीतरी रोज टेकडी चढउतार करायला सांगितलेलं, ताकद वाढेल म्हणून! डुशेनमध्ये असला जोराचा व्यायाम, त्यात उतार उतरणं नि उड्या, स्नायूंचं उलट नुकसान करतो. म्हणून म्हणते, आधी बघा, मग व्यायाम.

माझ्याकडे सगळ्यात जास्त मुलं सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली. त्यांच्या आयांचा पहिला प्रश्न "कधी चालणार?" ह्याला गोलमाल उत्तर द्यायला मला आवडत नाही. रॉबर्ट पॅलिसानो आणि मंडळींनी १९९७ ला ह्या मुलांच्या हालचालीच्या पाच पातळ्या ठरवल्या, जीएमएफसीएस म्हणतात, पहिलीतलं मूल सगळीकडे आपलं आपण चालतं, तिसरीतलं वॉकर किंवा काठ्या घेऊन, पाचवीतल्याला खुर्चीतून न्यावं लागतं. दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसायला लागलं तर चालायची आशा बरीच असते. कुठल्या पातळीवर आहे ते मी सांगून टाकते, रडू येतं तर येऊ दे, पण कमीत कमी घरचे नवसाला आणि मशिनींना पैसे घालत बसत नाहीत.

आता उपचार. दुसऱ्यानं पाय ताणून मूल चालायला शिकत नाही, हे मला अगदी ओरडून सांगावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या इओना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ला आणि परत २०२० ला जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात मुलानं स्वतः, त्याला हव्या असलेल्या कामाचा, खऱ्या जागी सराव करणं हे वर आलं, आणि नुसतं झोपवून हातपाय हलवून देणं खाली गेलं. तेलमालिश करा की, पोराला बरं वाटतं, आईलाही बरं वाटतं, त्यानं स्नायूंचा कडकपणा जात नाही एवढंच.

मग काम कुठलं निवडायचं? ते मी नाही, घरचे ठरवतात. चार वर्षांच्या एका मुलीची आई म्हणाली, "चालूलालीय की ती भिंत धरून, खरं संडासला एकटी बसत नाही, शाळेत कोण बसवणार?" झालं, तेच आमचं ध्येय. घरात देशी संडास, खाली उकिडवं बसायचं नि परत उठायचं. आधी दोन विटांवर पाट ठेवून त्यावर बसणं-उठणं, मग एका विटेवर, मग नुसता पाट. समोर वाटीत चुरमुरे, एकेक उचलून उठून वरच्या डब्यात टाकायचा, म्हणजे तिला वाटायचं खेळच चाललाय. वडील उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात कामाला, त्यांना म्हटलं, तिच्या छातीएवढ्या उंचीवर धरायला काहीतरी पाहिजे. त्यांनी संध्याकाळी पाईपचा तुकडा कापून, टोकं घासून गुळगुळीत करून भिंतीत बोल्ट मारला. दुकानातला हँडल इतका नेमका बसला नसता. आता तीन टाईम ती आपोआप व्यायाम करते, माझी फी न देता.

आमच्याकडे आठवड्यातून एक-दोन तास आणि घरी सगळा दिवस, म्हणून खरी थेरपी घरातच. जुना लाकडी पांगुळगाडा कुणाच्या माळ्यावर असेल तर काढा, त्यात जोंधळ्याची लहान पिशवी टाकून जड करा म्हणजे पुढे सटकत नाही, उभं राहून ढकलायला झकास. खरं ते गोल, मधे बसवायचं चाकांचं बेबी वॉकर नको म्हणजे नको, त्यात पोरगं लोंबकळतं, चवड्यावर ढकलतं, आणि पायरीवरून कोसळतं ते वेगळंच. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे, आपल्याकडे बारशाला भेट देतात.

येण्याजाण्याचं म्हणाल तर जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून फरक पडलाय, आयांना सरकारी लाल बस फुकट, त्यामुळे लांबच्या गावच्या बायका नेमानं येतात. चंदगडकडून येणाऱ्यांना मात्र तो फायदा नाही, आधार महाराष्ट्राचं ना.

एक गोष्ट फार जण विसरतात, खुबा. जे मूल आधाराशिवाय चालत नाही त्याचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखत पण नाही, त्यामुळे एक्सरे काढल्याशिवाय कळत नाही. दुखत नाही म्हणून एक्सरे टाळू नका.

कागदपत्रांचं पण बघा. गावच्या अंगणवाडीत आणि शाळेत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची टीम येते तेव्हा मूल दाखवाच, तिथून पुढे जिल्ह्याच्या केंद्रात फुकट तपासणी होते. युडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र काढा, ते देशभर चालतं, सीमेच्या इकडं नि तिकडं असा घोळ त्यात नाही. आणि सेरेब्रल पाल्सी असेल तर नॅशनल ट्रस्ट ह्या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची पॉलिसी, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्च पण बसतो, म्हणून प्रत्येक वेळची पावती मागून घ्या. फॉर्म कुणाला अडला तर येताना कागद घेऊन या, बसून भरू. झेरॉक्स तेवढ्या दोन जास्त काढून आणा.