बियाण्याचा बाजार बांधावर ठरतो

रोहिणी नक्षत्र लागले की आमच्या धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, कृषी केंद्रांपुढे बियाण्याच्या थैल्यांची थप्पी लागते आणि फलकांवर नवी नावे झळकू लागतात. शेतकरी मात्र बहुधा वाण ठरवूनच दुकानात शिरतो. शेजारच्या बांधीत लोंबी कशी भरली, धान लोळले का आणि गिरणीत तुकडा किती पडला, याची चौकशी त्याने कापणीच्या वेळीच करून ठेवलेली असते.

याचे कारण धानाच्या स्वभावात आहे. त्याचे परागीभवन स्वतःच्याच फुलात होत असल्यामुळे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे बियाणे घरी राखून दोन-तीन वर्षे निर्धास्तपणे पेरता येते. विक्रेत्याच्या दृष्टीने असे गिऱ्हाईक फारसे कामाचे नाही. म्हणूनच दरवर्षी विकत घ्यावे लागणारे संकरित बियाणे पुढे करण्याकडे त्याचा कल असतो.

एचएमटी या वाणाचा प्रसार असाच बांधावरून झाला. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल 3’ या वाणाच्या पिकात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरून बारीक दाण्याचे वाण सिद्ध केले. ते शेतकऱ्यांच्या हातून हाती गेले आणि लोकप्रिय घड्याळाचे नाव व्यापाऱ्यांनी त्याला चिकटवले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ पुढे 1998 मध्ये प्रसारित केले. तोवर मूळ वाण गावोगावी रुजले होते. जाहिरातीवर एक पैसाही खर्च न होता एवढा पसारा वाढला, हे कंपन्यांच्या प्रतिनिधींनी जरूर ध्यानात घ्यावे.

वाणाची निवड भावावरही अवलंबून असते. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता आणि ‘अ’ दर्जाचा 2320. वीस रुपयांच्या या फरकासाठी कमी उतारा देणारे बारीक धान सरकारी खरेदी केंद्रावर कोण नेणार? त्यामुळे केंद्रासाठी ठोकळ धान, आणि घरासाठी व गिरणीवाल्यासाठी बारीक, अशी वाटणी अनेक घरांत दिसते.

थैली घेताना निळी खूणचिठ्ठी असेल तर ते प्रमाणित बियाणे होय. सत्यतादर्शक बियाण्याची हमी मात्र उत्पादक स्वतःच देत असतो. धानाची उगवण किमान 80 टक्के हवी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ती घरीच तपासता येते. पक्के बिल आणि मूठभर बियाणे जपून ठेवले, तर तक्रारीच्या वेळी आधार राहतो.

तरीही निवडीचा हा अधिकार रोख पैसे मोजणाऱ्याचाच आहे. खत, औषध आणि बियाणे एकाच दुकानातून उधारीवर उचलणाऱ्याला दुकानदार देईल ती थैली मुकाट्याने घ्यावी लागते, आणि बिल तर तो सहसा मागतही नाही.